चालू वर्तमानकाळाचा भाडेकरू

तीस एप्रिल. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला आणि माझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होण्याची वेळ आली. खोल्या सोडण्यास मीच सांगितले होते. कारण सबळ होते, मुदत पुरेशी होती आणि भाडेकरूंची काही तक्रार नव्हती. तक्रार नसणे हा त्यांचा सर्वांत त्रासदायक गुण होता.

हे गृहस्थ परभणीतल्याच एका शाळेत कवायतीचे मास्तर होते. लग्न केले नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी घरी लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यास प्रारंभ केला. कवायत आणि इंग्रजी यांचा परस्परसंबंध काय, असे मी खोल्या देतानाच विचारले होते. ते म्हणाले, "साहेब, दोन्हीत आधी उभं राहावं लागतंय." या उत्तरावर मी खोल्या द्यायला नको होत्या. परंतु पत्नीने तोवर त्यांना चहा दिला होता.

इंग्रजी ते रेडिओवर शिकले होते. तरुणपणी क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकत. खेळ कळत होता, भाषा कळत नव्हती. खेळावरून भाषा लावीत गेले. त्यामुळे समोर जे चालले आहे ते चालले असतानाच सांगणे म्हणजे इंग्रजी, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. होऊन गेलेल्या आणि पुढे व्हायच्या गोष्टींना मराठी पुरते, असे ते म्हणत.

त्यांच्या शिकवणीत पाटी, पुस्तक, तक्ता, खडू यांपैकी काहीही नव्हते. गळ्यात एक शिटी होती. चार ते सात वर्षांची दहा-बारा मुले सकाळी सात वाजता माझ्या अंगणात रांगेने उभी राहत आणि जे करीत ते ओरडून सांगत. उडी मारताना 'आय ॲम जंपिंग'. केर काढताना 'आय ॲम स्वीपिंग'. जे करीत नाही ते बोलायचे नाही, हा एकमेव नियम. एका मुलाने एकदा आळसाने 'आय ॲम स्लीपिंग' म्हटले. मास्तरांनी शिटी वाजवून सर्वांना थांबवले.

"झोपलेला माणूस असं सांगत असतो का रे?"

"न्हाई."

"मग हे वाक्य खोटं हाय. हे दुसऱ्यानं म्हणायचं."

त्यांनी त्या मुलाला चटईवर निजवले आणि उरलेल्यांना त्याच्याभोवती बसवून हलक्या आवाजात 'ही इज स्लीपिंग' म्हणायला लावले. पाव तासाने मूल खरोखर झोपले. त्या सकाळी मला वर्तमानपत्र शांतपणे वाचता आले. तसा योग पुन्हा आला नाही.

'सर' म्हटलेले त्यांना चालत नसे. कोणी 'सर' म्हटले की ते एक पाऊल बाजूला सरत. मुलांच्या हे ध्यानात येताच त्यांनी 'सर, सर' करीत त्यांना अंगणाच्या एका टोकापासून भिंतीपर्यंत नेले. भिंतीशी पोचल्यावर मास्तर म्हणाले, "आता कुठं सरू? मामा म्हणा." तेव्हापासून ते गल्लीचे मामा झाले. मोठी माणसेही मामा म्हणू लागली. मी म्हटले नाही. ते मला साहेब म्हणत आणि माझ्या पत्नीला अक्का. तिच्याशी त्यांचे नाते जुळले आणि माझ्याशी हुद्दा, हे मला योग्यच वाटे.

सरकारी कार्यालयात दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. भाषेतील ढिलाई मला सहन होत नाही, हे मी त्यांना वेळोवेळी सांगितले होते. त्यांचा खरा अपराध या क्षेत्रातला होता. मुलांना ते इंग्रजी क्रियापद शिकवीत ते इकडच्या बोलीच्या आधाराने. 'जायलाय' म्हणजे 'इज गोइंग', 'करायलीय' म्हणजे 'इज डूइंग', 'खायलेत' म्हणजे 'आर ईटिंग'. आपल्याकडचा 'लाय' आणि इंग्रजांचा 'इंग' हे सख्खे भाऊ आहेत, असा त्यांचा सिद्धांत होता.

मी त्यांना बोलावून सांगितले, "प्रमाण मराठीत 'तो जात आहे' असे रूप आहे. ते शिकवा."

"शिकवतो की. पण तसं बोलणारा माणूस दाखवावा लागंल पोरांला. या गल्लीत मला एकच सापडायलाय."

"कोण?"

"तुमीच, साहेब."

परिणाम माझ्याच घरात दिसू लागला. माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिला खाली पाठवण्याचा निर्णय पत्नीचा. आठवड्याच्या आत ती मला म्हणाली, "आबा, तुमी पेपर वाचायलाव." मी तिला सांगितले, "'वाचत आहात' असे म्हण." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आबा इज रीडिंग पेपर." मी वर्तमानपत्र खाली ठेवले. "आबा इज नॉट रीडिंग पेपर," ती म्हणाली आणि गेली.

मास्तर स्वतःही असेच होते. मी जिना उतरू लागलो की खालून समालोचन सुरू होई. "साहेब इज कमिंग. साहेब इज लुकिंग ॲट द नळ. साहेब इज नॉट लाइकिंग." मुले मागे म्हणत. मी त्यांना एकदा समजावून दिले की 'लाइक' या क्रियापदाला 'इंग' लागत नाही; आवडणे-नावडणे ही स्थिती आहे, क्रिया नव्हे.

त्यांनी मान डोलावून ऐकले. म्हणाले, "दुसऱ्यांची असंल तशी. तुमची नाराजी तर सकाळपासून चालूच असती की, साहेब. तिला इंग लागतंय."

शेळ्या राखणाऱ्या घरातली एक मुलगी शिकवणीला येताना करडू घेऊन येई. करडू घरी ठेवले तर ते ओरडते, असे तिचे म्हणणे. ते अंगणात ओरडले तर चालते, असे मास्तरांचे म्हणणे. माझे म्हणणे कोणी विचारले नाही. एका सकाळी मी वर दाढी करीत होतो. खालून 'द गोट इज ईटिंग, द गोट इज ईटिंग' असा गजर चालला होता. मला तो पाठ वाटला. दाढी उरकून खाली आलो तेव्हा माझ्या जास्वंदीच्या झुडपाच्या काड्या उरल्या होत्या आणि सगळी मुले अर्धवर्तुळात उभी राहून, हात मागे बांधून, करडाकडे पाहत तेच वाक्य म्हणत होती.

"कोणी हाकलले का नाही?" मी विचारले.

"आबा, आमी सांगायलोच होतो की," एक मुलगा म्हणाला.

मी मास्तरांकडे वळलो. ते म्हणाले, "वाक्य बरोबर होतं, साहेब."

"आणि झाड?"

"झाडाचं इंग्रजी अजून घेतलं न्हाई."

या उत्तरातच पुढच्या अनर्थाचे मूळ होते. ते मुलांना नामे शिकवत नसत. ज्या मुलांना धावणे, ओतणे, पुसणे, ओढणे, खाजवणे यांचे इंग्रजी येत होते, त्यांना आंबा, चेंडू, गाय यांचे येत नव्हते. करडाचा अपवाद झाला, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. नळ तर नळच राहिला होता.

आईबाप विचारीत. कोणी म्हणे, "मामा, शेजारचं पोरगं ए फॉर ॲपल म्हणतंय, आमचं नुसतं उड्या मारतंय." मास्तर म्हणत, "उडी मारू द्या. ॲपल कुठं पळून जायलंय?" आईबाप ऊसतोडीला गेलेला एक मुलगा आजीपाशी राहत असे. बापाचा फोन आला की तो 'आय ॲम टॉकिंग' एवढे सांगून फोन आजीच्या हातात देई. बाप त्यावर खूष होता, असे कळले. काहींनी मुले काढून घेतली. काही दिवसांनी तीच मुले फाटकाबाहेर उभी राहून 'आय ॲम वॉचिंग' म्हणू लागली. मास्तरांनी त्यांना आत घेतले.

मार्च महिन्यात आमच्या नातीला गावातल्या एका इंग्रजी शाळेत घालायचे ठरले. मुलाची आणि सूनबाईंची त्या शाळेवर भिस्त होती. तिथे प्रवेशाआधी मुलांशी 'गप्पा' मारतात. गप्पा म्हणजे परीक्षा, हे सर्वांना ठाऊक आहे. सूनबाई तिला घेऊन गेल्या आणि तासाभराने परतल्या. चप्पल काढण्यापूर्वीच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

शाळेतल्या बाईंनी सफरचंदाचे चित्र दाखवून विचारले, हे काय आहे. नात म्हणाली, "सिटिंग."

बाईंनी हत्ती दाखवला. नात म्हणाली, "स्टँडिंग."

विमान दाखवले. "गोइंग."

बाईंनी चित्रे बाजूला ठेवली आणि आवाज थोडा चढवून तिचे नाव विचारले. नात त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम इज शाउटिंग." सूनबाईंच्या मते तोपर्यंत बाई ओरडत नव्हत्या. नंतर ओरडल्या.

प्रवेश मिळाला नाही. सूनबाई म्हणाल्या, "आबा, खालच्या खोल्या तुमच्या आहेत, म्हणून मी काही बोलत नाही." त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या.

मी खाली गेलो. मास्तर तांदूळ निवडत होते. काय घडले ते मी सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि चेहऱ्यावर समाधान दिसले, असे मला स्मरते.

"सफरचंद बसलेले असते का?" मी विचारले.

"मग काय करायलंय ते, साहेब? उभं तर न्हाई."

"मुलांना वस्तूंची नावे येऊ नयेत?"

"यावीत की. नाव काय, दुकानातबी येतंय. बिस्किट म्हणायला कुणी शिकवलं त्यांला? हातात वस्तू आली, काम पडलं, की नाव येतंय. चित्रातल्या हत्तीचं काय काम पडायलंय आपल्याला?"

"प्रवेशाचे काम पडले होते."

तांदळातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला. मी सांगितले, "एप्रिलअखेर खोल्या रिकाम्या करा."

"ठीक हाय, साहेब," ते म्हणाले.

वाद घातला असता तर माझे समाधान झाले असते. त्यांनी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शिटी वाजवली.

पूर्वी तीन घरमालकांनी त्यांना गोंगाटापायी काढले होते, हे मला मागाहून समजले. तळमजला आणि अंगण अशी दुसरी जागा त्यांना मिळाली नाही. उरले सेलूला बहिणीचे घर. तिथे माडीवर एक खोली होती. वर जायला अरुंद जिना. बहिणीने आधीच कळवले होते की राहायला ये, पण गलका नको. थोडक्यात, खोल्यांबरोबर शिकवणीही संपणार होती.

पत्नी जवळच्या झरी गावची. ती रागावली की माहेरच्या बोलीत बोलते आणि माझ्याकडे न पाहता भांड्यांकडे पाहून बोलते.

"सेलूला त्या माडीवर काय करतेल ते?"

"राहतील."

"पोरं न्हाईत, अंगण न्हाई. दिवसभर एकटाच माणूस 'आय ॲम सिटिंग' म्हणत बसंल."

"निर्णय झालेला आहे."

"व्हय. तुमचं सगळं झालेलंच असतंय," ती म्हणाली.

मी सूचना मागे घेतली नाही. नातीचे वर्ष ज्यांच्यामुळे अडले, त्यांना ठेवून घेण्याचे कारण मला दिसत नव्हते. दरम्यान मी स्वतः तिला फळांचा आणि प्राण्यांचा तक्ता आणून दिला आणि रोज सायंकाळी समोर बसवू लागलो. ती तक्त्याकडे पाही आणि मग माझ्याकडे पाही. चौथ्या दिवशी मी छडी घोड्यावर टेकवली तेव्हा म्हणाली, "आबा, हा काहीच करंना की."

असा तो एप्रिल गेला.

तीस तारखेला टेम्पो आला तेव्हा मास्तर तयार होते. टेम्पोवाला तरुण होता आणि घाईत होता. "मामा, पटापट भरू. मला मग मोंढ्यात कापूस भरायला जायचंय." मास्तर म्हणाले, "सात वाजू दे. माणसं यायलेत." माणसे म्हणजे कोण, ते सात वाजता कळले. मुले नेहमीप्रमाणे रांगेत उभी राहिली. करडूही आले होते. शिटी वाजली. मास्तरांनी सांगितले की आज कवायत नाही, आज ओझी आहेत. एकेकाने आत जायचे, एक वस्तू उचलायची आणि टेम्पोपर्यंत नेताना काय नेतो आहोत ते सांगायचे.

मी वरच्या गच्चीत उभा होतो. पहिला मुलगा बादली घेऊन निघाला आणि अडला.

"मामा, बादलीला काय म्हणतेत?"

"बकेट."

"आय ॲम कॅरिइंग द बकेट."

मग रांग लागली. चटई, उशी, दोरी, घागर, कुलूप, आरसा, छत्री. प्रत्येक मूल उंबऱ्याशी थांबून नाव विचारी आणि फाटकापर्यंत ते पाठ करीत जाई. आरसा नेणारी मुलगी इतक्या हळू चालत होती की वाक्य तिने दहा वेळा म्हटले. ट्रंक चौघांनी धरली आणि 'वुई आर कॅरिइंग' असा बदल न सांगता केला. एकाने परात उचलली. मास्तरांना परातीचे इंग्रजी येत नव्हते. त्यांनी वर पाहून मला विचारले, "साहेब, परातीला काय म्हणतेत?" मला आठवेना. "परात," मी म्हणालो. "आय ॲम कॅरिइंग द परात," मूल म्हणाले. कोणी हसले नाही.

महिनाभर तक्ता धरून मला जे साधले नव्हते, ते अर्ध्या तासात खोल्या रिकाम्या करताना होत होते. मी खाली उतरलो आणि मास्तरांना म्हणालो, "नावे शिकवता येत होती, तर आजवर का शिकवली नाहीत?"

"आजवर घर सोडायचं काम पडलं नव्हतं, साहेब."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी वर निघून गेलो असतो.

नात उशी घेऊन आली. उशी तिच्यापेक्षा फार लहान नव्हती. माझ्यापाशी थांबून तिने उशीवरून माझ्याकडे पाहिले आणि करडाविषयी सांगावे तसे, कोणताही दोष न देता, सांगितले: "आबा इज नॉट कॅरिइंग."

"करेक्ट," मास्तर म्हणाले.

शेवटची वस्तू स्टोव्ह होता. तो मास्तरांनी स्वतः ठेवला. टेम्पोवाल्याने मागची फळी लावली. मुले फाटकात उभी राहिली. पुढे काय करायचे असते हे त्यांना शिकवलेले नव्हते, म्हणून ती काही बोलत नव्हती. मास्तरही शिटी हातात धरून उभे होते. पत्नी दारात होती. ती माझ्याकडे पाहत होती, भांड्यांकडे नव्हे.

मी म्हणालो, "हे शिक्षण अर्धवट झाले."

"कसं काय, साहेब?"

"घरातून बाहेर नेणे म्हणजे टेकिंग. बाहेरून घरात आणणे म्हणजे ब्रिंगिंग. टेक आणि ब्रिंग यांतला फरक या मुलांना येतो का?"

"न्हाई येत."

"मग तो शिकवायला हवा. माझ्या घरात अर्धवट शिकवलेले मला चालत नाही."

मास्तर गोंधळले. "शिकवलं असतं, पण सामान तर भरलं."

"न भरता कसे शिकवणार होता?"

त्यांना उलगडा होण्यास वेळ लागला. पत्नीला लागला नाही. ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "ये बाळा, चहा घे. फळी सोड आधी." तो म्हणाला, "काकू, तुमी एकदा ठरवा की. माणूस जायलाय का यायलाय?"

"अबाउट टर्न," मास्तर ओरडले आणि शिटी वाजवली.

ब्रिंगिंगला टेकिंगपेक्षा कमी वेळ लागला. परात पहिली आत गेली. आरसा दुपारपर्यंत ओसरीवरच राहिला, कारण प्रत्येकाला तो एकदा आत आणायचा होता. स्टोव्ह मी आणला. नात त्या वेळी पाणी प्यायला गेली होती, त्यामुळे त्याचे समालोचन झाले नाही.

सूनबाईंना मी सायंकाळी सांगितले. त्या दोन दिवस माझ्याशी मोजके बोलल्या. जूनमध्ये नातीला दुसऱ्या शाळेत घातले. तिथे चित्रे दाखवत नाहीत. रस्त्यावरून कोणती वाहने जातात असे विचारतात. तिने वाहनांची नावे सांगितली आणि ती कशी जायलीत हेही सांगितले. मास्तर आणखी दोन वर्षे खाली राहिले. पुढे बहीण आजारी पडली तेव्हा ते आपण होऊन सेलूला गेले. जास्वंद काही पुन्हा धरली नाही. नात आता मोठी झाली आहे, आणि अजूनही माझ्यासमोर 'वाचायलाव' म्हणते.

त्या तीस एप्रिलला मास्तरांनी स्टोव्ह पुन्हा मांडला, पत्नीने त्यांना आमच्याकडची भाकरी नेऊन दिली, आणि त्यांनी तिला सांगितले की उद्या सकाळपासून शिकवणीत धुणे-भांडी घेतो, त्यांत नावे लय आहेत. भांडी आपटण्याचे काम माझ्या खिडकीखालीच होणार, हे उघड होते. दिवेलागणीनंतर मी फडताळातून कापूस काढला, त्याचे दोन घट्ट बोळे वळले आणि सकाळी कानांत घालण्यासाठी उशाशी ठेवले.